व्हॅम्पायर, क्षयरोग आणि ‘तिला काही सांगू नका’

“डॉक्टर, पोरगी रात्र रात्र जागून रक्त पिणाऱ्या भुतांच्या प्रेमकथा वाचते. डोक्यावर काही परिणाम तर नाही ना होणार?” आठवी ते बारावीतल्या मुलींच्या आया हा प्रश्न बऱ्याचदा विचारतात. मुलगी शेजारीच बसलेली असते आणि छताकडे बघत असते.

आधी छोटं उत्तर देतो. नाही, परिणाम होणार नाही. व्हॅम्पायरच्या कादंबऱ्या वाचणं हा आजार नाही आणि कुठल्या आजाराचं लक्षणही नाही. झोप पुरेशी होत असेल, अभ्यास आणि मैत्रिणी शाबूत असतील, तर पुस्तक खुशाल वाचू द्या.

पण या प्रश्नाच्या मागे दुसरा, जास्त चांगला प्रश्न आहे. ‘ट्वायलाइट’ आणि तिच्यासारखी पुस्तकं मुलींना इतकी का आवडतात? ‘ट्वायलाइट’ मालिकेच्या जगभरात दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. एवढ्या मुलींना एकदम वेड लागत नाही. याचं एक उत्तर व्हॅम्पायरच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासात आम्हा डॉक्टर मंडळींचं काम मोठं आहे. ते काम प्रत्येक वेळी अभिमान वाटावा असं नाही, म्हणूनच सांगतो.

थडग्यातलं ‘ताजं’ रक्त

व्हॅम्पायर म्हणजे रात्री थडग्यातून उठून जिवंत माणसांचं रक्त पिणारा मुडदा. आपल्या वेताळाशी त्याची गल्लत करू नये. वेताळ प्रेतात शिरतो आणि विक्रमाला कोडी घालतो, रक्तासाठी घरोघर फिरत नाही. रिचर्ड बर्टन या इंग्रजाने १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणताना शीर्षकात ‘व्हॅम्पायर’ हा शब्द वापरला, तेव्हापासून ही सरमिसळ चालू आहे.

व्हॅम्पायरची पहिली गाजलेली सरकारी नोंद सर्बियातली आहे. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. १७२५ मध्ये किसिलोवा नावाच्या गावात पेटर नावाचा एक माणूस वारला आणि त्यानंतर आठ दिवसांत गावात नऊ जण दगावले. गावकऱ्यांनी थडगं उघडलं. प्रेत फारसं कुजलेलं नव्हतं, नखं आणि कातडी नवी दिसत होती, तोंडाशी रक्त होतं. त्यांनी छातीत सुळका ठोकला आणि प्रेत जाळून टाकलं. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्याने हे सगळं लिहून वरिष्ठांना कळवलं.

१७३२ मध्ये मेदवेजा या गावात असंच झालं आणि या वेळी तपासाला सैन्यातला शल्यचिकित्सक गेला. त्याचं नाव योहान फ्ल्यूकिंगर. त्याने अनेक थडगी उघडून एकेका प्रेताचं वर्णन लिहिलं. त्याच्या अहवालात अगदी सुरुवातीला स्टाना नावाची वीस वर्षांची तरुणी येते. ती बाळंतपणात तीन दिवस आजारी पडून गेली होती. आजचा डॉक्टर हे वाचून पहिल्यांदा बाळंतपणातल्या जंतुसंसर्गाचा विचार करील. त्या काळी तिची गणना व्हॅम्पायरांत झाली.

मृत्यूनंतर शरीरात काय होतं, हे माहीत असलं की या ‘खुणा’ उलगडतात. आतड्यातले जंतू वायू तयार करतात, त्यामुळे पोट फुगतं आणि प्रेत ‘खाऊनपिऊन जाड झालेलं’ दिसतं. हाच दाब फुप्फुसातला लालसर द्रव तोंडा-नाकावाटे बाहेर ढकलतो. वरची कातडी सुटून येते आणि खालचा थर कोवळा दिसतो. कातडी आकसल्यामुळे नखं आणि केस वाढल्यासारखे भासतात. रक्त गोठून पुन्हा पातळ होऊ शकतं. छातीत सुळका ठोकला की कोंडलेला वायू घशातून बाहेर पडतो आणि आवाज होतो. जमीन थंड असेल, तर कुजण्याची क्रिया आठवडेच्या आठवडे लांबते.

हे सगळं थांबवण्यातही एका डॉक्टरचा हात होता. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा हिचे वैद्य गेरार्ड व्हान स्वीटन यांनी १७५५ मध्ये या प्रकारांची छाननी केली. ही भीती अज्ञानातून आली आहे आणि न कुजलेल्या प्रेताला नैसर्गिक कारणं असतात, असं त्यांनी लिहिलं. सम्राज्ञीने त्याच वर्षी आदेश काढून थडगी उकरून प्रेतांची विटंबना करण्याला बंदी घातली.

अधूनमधून एक गोष्ट समाजमाध्यमांवर फिरते की व्हॅम्पायर म्हणजे पॉर्फिरिया या रक्ताच्या आजाराचे रुग्ण होते. हे खरं नाही. रक्त पिऊन पॉर्फिरिया बरा होत नाही आणि हे रुग्ण रक्तासाठी कासावीसही होत नाहीत. या अफवेने त्या बिचाऱ्यांना त्रास मात्र पुष्कळ दिला आहे.

मर्सी ब्राऊनला कुणी विचारलं नाही

व्हॅम्पायरच्या भीतीशी ज्याचा खरा आणि दाट संबंध होता, तो आजार क्षयरोग. आपण त्याला क्षय म्हणतो, म्हणजे झिजणं. इंग्रजीतही त्याला ‘कन्झम्प्शन’ म्हणत, म्हणजे आतून खाऊन टाकणं. घरात एकाला झाला की काही महिन्यांनी दुसरा झिजू लागे. चेहरा पांढरा पडे, गाल तापाने लाल दिसत, सकाळी उशीवर रक्ताचे डाग असत. जंतूंची माहिती नसलेल्या माणसाला काय वाटेल? गेलेला माणूस रात्री येऊन मागे राहिलेल्यांचं रक्त शोषतोय, असंच वाटेल.

अमेरिकेच्या ईशान्य भागात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत हा समज होता. ऱ्होड आयलंड राज्यातल्या एक्झेटर गावात जॉर्ज ब्राऊन नावाचा शेतकरी राहत होता. १८८३ मध्ये त्याची बायको क्षयाने गेली. पुढच्या वर्षी थोरली मुलगी गेली. मुलगा एडविन आजारी पडला, हवापालट म्हणून कोलोरॅडोला गेला आणि परत आला. तेवढ्यात एकोणीस वर्षांची मर्सी आजारी पडली आणि जानेवारी १८९२ मध्ये वारली.

एडविनला वाचवायचं तर थडगी उघडा, असा गावाने आग्रह धरला. बापाचा यावर विश्वास नव्हता, पण त्याने संमती दिली. १७ मार्च १८९२ रोजी गावकरी डॉ. हॅरल्ड मेटकाफ यांना घेऊन स्मशानात गेले. आई आणि थोरली बहीण यांचे सांगाडेच उरले होते. मर्सी जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते, तेही कडाक्याच्या थंडीतले. साहजिकच तिचं शरीर टिकून होतं आणि हृदयात रक्त सापडलं. डॉक्टरांनी सांगितलं की यात काही विशेष नाही, फुप्फुसांत क्षयाच्या खुणा आहेत. कुणी ऐकलं नाही. मर्सीचं हृदय आणि यकृत दगडावर जाळलं आणि ती राख आजारी भावाला पाजली. २ मे रोजी एडविनही गेला.

यात चीड आणणारी एक तारीख आहे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केलं होतं. म्हणजे मर्सीचं हृदय जाळलं, तेव्हा कारण कळून दहा वर्षं होत आली होती. पण गावकऱ्यांना नुसतं मूर्ख म्हणून मोकळं होता येत नाही. कारण कळलं होतं, औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडलं. ज्या बापाची तीन माणसं गेली आणि चौथं जातंय, त्याला डॉक्टरकडे देण्यासारखं काही नव्हतं. अशा वेळी माणूस काहीही करतो.

मर्सीला स्वतःला काय झालंय, ते कुणी नीट सांगितलं होतं का, याची नोंद नाही. तिच्याबद्दल जे कळतं, ते सगळं इतरांनी तिच्या शरीराचं काय केलं याबद्दल आहे.

कादंबऱ्यांतली न सांगितलेली गोष्ट

आता पुस्तकांकडे येऊ. इंग्रजीतली पहिली मोठी व्हॅम्पायर कथा एका डॉक्टरने लिहिली. जॉन पोलिडोरी याने एडिंबरोहून एकोणिसाव्या वर्षी वैद्यकीय पदवी घेतली, झोपेत चालण्याच्या विकारावर प्रबंध लिहिला आणि कवी बायरनचा खासगी डॉक्टर झाला. १८१६ च्या उन्हाळ्यात ही मंडळी जिनिव्हाजवळ होती. पाऊस थांबेना, म्हणून भुताच्या गोष्टी लिहायची पैज लागली. त्यातून अठरा वर्षांच्या मेरीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ निघाली आणि पोलिडोरीची ‘द व्हॅम्पायर’. ही कथा १८१९ मध्ये छापून आली, तीही चुकून बायरनच्या नावावर.

या कथेतला व्हॅम्पायर एक उमराव आहे. नायक ऑब्री याला त्याचं गुपित कळतं, पण शपथेमुळे त्याचं तोंड बंद आहे. उमराव त्याच्या बहिणीशी लग्न ठरवतो. ऑब्री शेवटी बहिणीला चिठ्ठी लिहितो: लग्न थोडं थांबव. नोकर ती चिठ्ठी घरच्या डॉक्टरकडे देतात. डॉक्टरला वाटतं, हे वेड्याचे बोल आहेत, मुलीच्या मनाला उगाच त्रास नको. तो चिठ्ठी देतच नाही. लग्न होतं आणि मुलगी जीव गमावते. एका डॉक्टरनेच ही गोष्ट लिहिली आणि त्यात डॉक्टरने दडवलेल्या चिठ्ठीने घात केला.

१८७२ मध्ये शेरिडन ले फानू याची ‘कार्मिला’ आली. इथे व्हॅम्पायर मुलगी आहे आणि तिची शिकार लॉरा नावाची तरुणी. लॉरा खंगत जाते. डॉक्टर येतो, तिला तपासतो आणि मग खिडकीपाशी जाऊन तिच्या वडिलांशी हळू आवाजात बोलतो. लॉरा विचारते, मला काय झालंय? वडील म्हणतात, नंतर कळेल. किती ओळखीचं दृश्य आहे हे! आमच्या दवाखान्यात खिडकीऐवजी दाराबाहेरचा पॅसेज असतो, एवढाच फरक.

आणि १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ आली. स्टोकरचा भाऊ डब्लिनमध्ये नामवंत शल्यचिकित्सक होता आणि या कादंबरीत दोन डॉक्टर आहेत. ल्युसी नावाची मुलगी रोज पांढरी पडत जाते. चार पुरुष तिला आळीपाळीने रक्त देतात. आज वाचताना अंगावर काटा येतो, कारण कार्ल लँडस्टायनर यांचा रक्तगटांवरचा शोध १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. गट न जुळवता चार जणांचं रक्त चढवलं, तर रुग्णाला व्हॅम्पायरची गरजच उरणार नाही.

पण ल्युसी दगावण्याचं एक कारण वेगळं आहे. डॉ. व्हान हेल्सिंग तिच्या खोलीत लसणाची फुलं लावतो, खिडक्या बंद करतो आणि का, ते सांगत नाही. ल्युसीच्या आईला हृदयविकार आहे, म्हणून तिलाही काही सांगायचं नाही असं ठरलेलं. रात्री आई मुलीच्या खोलीत येते. उग्र वासाने मुलीचा जीव गुदमरेल म्हणून ती फुलं काढून टाकते आणि खिडकी उघडते. तिचं काय चुकलं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

याच कादंबरीत मीना आहे. ती लघुलिपी आणि टंकलेखन जाणते, रेल्वेची वेळापत्रकं तिला पाठ आहेत. सगळ्यांच्या डायऱ्या, पत्रं आणि तारा टाइप करून तारखेप्रमाणे लावण्याच्या कामात तीच पुढे असते. त्या कागदांमुळेच ड्रॅक्युला कोण, हे सगळ्यांना एकत्र कळतं. मग पुरुष बैठक घेतात आणि ठरवतात की इथून पुढे बाईमाणसाला यात नको, तिला सोसणार नाही. तिला झोपायला पाठवतात. नेमकं त्याच दिवसांत ड्रॅक्युला तिच्यापर्यंत पोचतो. नंतर चूक कळते, मीनाला परत सोबत घेतात आणि ड्रॅक्युला कोणत्या नदीने पळतोय, हे तीच तर्काने काढून देते. मला मजबूत नायिकांची ही गोष्ट इथून सुरू झालेली दिसते. मीनाच्या अंगात फार ताकद नाही. तिला माहिती मिळते तेव्हा ती भारी पडते, माहिती तोडली की ती सापडते.

मुली स्वतः शोधून काढतात

पुढच्या शंभर वर्षांत हे उलटत गेलं. १९९१ मध्ये एल. जे. स्मिथ यांची ‘द व्हॅम्पायर डायरीज’ आली आणि किशोरवयीन मुलगी गोष्टीच्या मध्यभागी आली. १९९७ ते २००३ या काळात ‘बफी’ ही दूरचित्रवाणी मालिका चालली. त्यात शाळकरी मुलगीच व्हॅम्पायरांना मारते, आणि सुरुवातीला आईला पत्ता नसतो. म्हणजे माहिती मुलीकडे आणि अंधारात मोठी माणसं!

ऑक्टोबर २००५ मध्ये स्टेफनी मायर यांची ‘ट्वायलाइट’ आली. सतरा वर्षांची बेला ही वर्गातल्या एडवर्डबद्दलचं सत्य स्वतः हुडकते. दंतकथा ऐकते, इंटरनेटवर शोधते, खुणा जुळवते. पुढच्या भागात तिला व्हॅम्पायर करायचं की नाही, यावर एडवर्डचं कुटुंब मतदान करतं. ते मतदान बेलानेच घ्यायला लावलेलं असतं. मर्सीच्या बाबतीत गावाने ठरवलं होतं. इथे मुलगी सगळ्यांना समोर बसवून विचारते.

या मालिकेत वैद्यकीय इतिहासाचाही एक धागा आहे. एडवर्ड १९१८ च्या स्पॅनिश फ्लूने शिकागोच्या रुग्णालयात मरणाच्या दारात होता. त्याच्या आईने मरताना डॉ. कार्लाइल यांना विनवलं की माझ्या मुलाला वाचवा. डॉक्टर स्वतः व्हॅम्पायर होते, त्यांनी त्याला ‘वाचवलं’. तो फ्लू खराच तरुणांना जास्त मारत होता. आपल्याकडे तो जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरला आणि कित्येक घरांतली कर्ती माणसं घेऊन गेला. गोष्टीतल्या एडवर्डला मात्र कुणी विचारलं नव्हतं. तो बेशुद्ध होता आणि ठरवलं दुसऱ्यांनी. तो आयुष्यभर त्याबद्दल कुढतो, आणि तरीही बेलाच्या बाबतीत निर्णय स्वतःच घेऊ पाहतो. बेला त्याच्याशी भांडते ती याच मुद्द्यावर.

२००७ मध्ये रिशेल मीड यांची ‘व्हॅम्पायर अकॅडमी’ आली. तिची नायिका रोझ रक्षकाचं प्रशिक्षण घेते, मारामारीत तरबेज असते आणि प्रेमापेक्षा मैत्रिणीच्या जिवाला जपते. ही मैत्रीण, लिसा, मनाच्या अंधाऱ्या काळात स्वतःच्या हातावर वार करते. पुढे तिला नैराश्यावरची औषधं सुरू होतात. लाखो मुलींनी हे वाचलं. एखादीला त्यामुळे ‘हे माझ्यासारखंच आहे, आणि यावर औषध असतं’ असं वाटलं असेल, तर त्या पुस्तकाने आमचंच काम केलं.

याच वयात का?

बारा-तेराव्या वर्षापासून मुलीचं शरीर बदलतं. महिन्याला रक्त जातं आणि त्याबद्दल घरात कुजबुज होते. आपल्याकडे तर ‘कावळा शिवला’ म्हणायची पद्धत होती, म्हणजे साधा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही. भूक, राग, आकर्षण सगळं एकदम वाढतं. मेंदूतला भावनांचा भाग जोरात असतो आणि सावकाश विचार करून लगाम घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो.

अशा वयात रक्त, भूक, आकर्षण, संयम आणि मरण या पाचही गोष्टी उघडपणे बोलणारं पुस्तक हाती आलं, तर ते खाली कसं ठेववेल? शिवाय भीतीचा अनुभव सुरक्षित असतो. छाती धडधडते, हात गार पडतात, पण पुस्तक मिटलं की संपलं. भीती पेलण्याचा हा एक सराव आहे.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं आकर्षण वेगळं आहे. खऱ्या आयुष्यात या मुलीला कुणी फारसं विचारत नाही. कुठली शाखा घ्यायची, काय घालायचं, कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, दवाखान्यात गेलं तर काय दुखतंय हेसुद्धा आईच सांगते. पुस्तकातल्या मुलीला सगळ्यात भयंकर गोष्ट माहीत असते आणि ती स्वतः ठरवते. व्हॅम्पायर देखणा असतो हे आहेच. पण त्याहून सुंदर तिला ते ठरवणं वाटत असावं.

काळजी कुठे घ्यायची

यातलं सगळंच गोड मानू नका. एडवर्ड बेलाला न कळवता रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली बघत बसतो. मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तिची गाडी बंद पाडून ठेवतो. कादंबरीत हे प्रेम म्हणून येतं. खऱ्या आयुष्यात कुणी मोबाइल तपासत असेल, मैत्रिणी तोडायला लावत असेल, सारखं ‘कुठे आहेस, फोटो पाठव’ म्हणत असेल, तर ते प्रेम नव्हे, ताबा आहे. मुलीशी हे बोलायला पुस्तक हा उत्तम बहाणा आहे. “एडवर्डने गाडी बंद पाडली, ते तुला बरोबर वाटलं का?” एवढं विचारा आणि मग गप्प बसून ऐका. उपदेशाला लगेच सुरुवात केली, तर संभाषण तिथेच संपेल.

एडवर्ड सोडून गेल्यावर बेला कित्येक महिने सुन्न असते आणि मुद्दाम धोके पत्करते. तुमची मुलगी दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, खाणं-झोप बिघडली असेल, मरणाबद्दल बोलत असेल, हातावर वार दिसत असतील, तर पुस्तकाला दोष देत बसू नका. डॉक्टरकडे आणा. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आपल्या घरातली चिठ्ठी

आता हा सगळा इतिहास मी आरोग्याच्या पानावर का सांगितला, ते लिहितो.

आपल्याकडे क्षयरोग संपलेला नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. औषध आहे, सरकारी केंद्रात मोफत आहे आणि नेहमीच्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतो. तरीही वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा अहवाल आला की पहिलं वाक्य येतं, “डॉक्टर, तिला काही सांगू नका. उद्या लग्नाचं बघायचंय.” मग मुलीला ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणून औषध दिलं जातं. दोन महिन्यांनी तिला बरं वाटतं आणि ताकद आली म्हणून ती गोळ्या बंद करते. आजार उलटतो, कधी औषधांना दाद न देणारा होऊन उलटतो. ल्युसीच्या आईने खिडकी उघडली, तसंच हे आहे. गोळी कशासाठी आहे हे जिला माहीत नाही, ती ती घेत राहील कशी?

कायदाही या बाबतीत पुढे गेला आहे. २००८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. एक प्रौढ स्त्री तपासणीसाठी भूल देऊन टेबलावर होती. त्याच वेळी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढण्यात आलं. न्यायालयाने सांगितलं की जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान रुग्णाच्या जागी आईची संमती चालत नाही. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९१४ मध्ये एका स्त्रीच्याच शस्त्रक्रियेच्या प्रकरणात हे तत्त्व मांडलं होतं: सज्ञान माणसाच्या शरीराचं काय करायचं, हे ठरवायचा हक्क त्याचा स्वतःचा.

अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी सही साधारणपणे पालकांची लागते. पण सही पालकांची म्हणून माहितीही फक्त पालकांनाच, असं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून माझी तीन विनंत्या आहेत.

एक, दवाखान्यात आल्यावर मुलीला स्वतः बोलू द्या. काही राहिलं, तर मागून भर घाला.

दोन, डॉक्टरांनी पाच मिनिटं तिच्याशी एकटीशी बोलायचं म्हटलं, तर वाईट वाटून घेऊ नका. तपासताना परिचारिका सोबत असतेच. या वयातल्या अनेक गोष्टी आईसमोर निघत नाहीत, यात आईचा दोष नसतो.

तीन, आजाराचं नाव, औषधाचं नाव आणि ते किती दिवस घ्यायचं, हे तिला तिच्या भाषेत सांगा, किंवा आम्हाला सांगू द्या. ती घाबरेल, रडेल, प्रश्न विचारेल. विचारू दे. माहीत नसलेल्या गोष्टीची भीती माहीत असलेल्या आजारापेक्षा जास्त छळते.

आणि मुलींनो, तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर तुमच्यासाठी: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, थुंकीतून रक्त, यातलं काहीही असेल तर लपवू नका. क्षय हवेतून पसरतो. तो कुणाच्या पापाने होत नाही आणि पूर्ण उपचाराने बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. तपासणीला जाल तेव्हा अहवाल स्वतः हातात घ्या, वाचा आणि न समजलेला प्रत्येक शब्द डॉक्टरला विचारा. उत्तर दुसऱ्या कुणाकडे बघून दिलं जात असेल, तर सांगा, “मला सांगा, आजारी मी आहे.” चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.